बुखैतच्या आईला बोलवून घ्या

सुराबाया, ११ मे १९९६

आदरणीय मुजना आत्या,

सलाम. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुम्हाला आत्या म्हणायचा हक्क मला आहे की नाही हेही अजून ठरायचंय. पण पत्र कुठून तरी सुरू करायला हवं, म्हणून नातं आधी धरून घेतलं. चुकलं तर कान पकडेन.

मी हाशिम. फरज यांचा मुलगा, यस्लम बिन मरई बासुनैद यांचा नातू. इथे अरब मोहल्ल्यात, मशिदीमागच्या गल्लीत माझं लुंग्यांचं दुकान आहे. यंदा हजला गेलो तेव्हा तंबूत शेजारी दोआन खोऱ्यातला एक मधवाला होता. मी माझं पूर्ण नाव सांगितलं तसा तो उठून बसला. म्हणाला, "यस्लम बिन मरई? अहो, त्यांची मुलगी आमच्या नखीलात आहे. बाप जावाला गेला तो परत आलाच नाही, पोरीने तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याचं." मी म्हटलं, अरे बाबा, ते आमच्याच ओट्यावर बसलेले असायचे. मग त्यानेच मला तुमचा पत्ता लिहून दिला.

आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात १९३१ सालचा एक पास आहे, एडन बंदरात दिलेला. त्यावर नाव, बापाचं नाव, गाव नखीला, आणि खाली वर्णन लिहिलंय : ‘उंच बांधा, अंगावर खूण नाही.’ गंमत अशी की आमचे आजोबा आजीच्या खांद्याला लागायचे. घरात सगळे म्हणायचे, म्हातारा जावाच्या पावसात पहिल्याच धुण्यात आटला.

सध्या मोहल्ल्यात सगळ्या घराण्यांचा मोठा वंशवृक्ष लिहिताहेत. लोकांच्या फांद्या सात-आठ पिढ्या मागे जातात. आमची आजोबांपाशी येते आणि तिथेच लटकते. वडील आता नाहीत, विचारायचं कोणाला? म्हणून मी बंदराच्या जुन्या नोंदी उकरायला लागलोय, आणि तुम्हाला लिहायला लागलोय.

एक सांगतो, हसू नका. लहानपणापासून मला एक स्वप्न पडतं. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये खजुरीची झाडं, मातीची घरं, आणि कोणीतरी बाई सुळक्यासारखी उंच टोपी घालून माझ्याकडे पाठ करून चाललीय. मी हाक मारतो, पण कोणाच्या नावाने ते जागा झाल्यावर आठवत नाही. मधवाल्याला विचारलं तर म्हणाला, आमच्या बायका शेतात तशाच टोप्या घालतात. मी तर तुमचा गाव चित्रातसुद्धा पाहिलेला नव्हता.

आपला,
हाशिम


नखीला, दोआन खोरं, २० जुलै १९९६

बाळ हाशिम,

वालेकुम सलाम. तुझं पत्र मुकल्लाहून ट्रकमध्ये आलं आणि पुढे एका मेंढपाळाच्या खिशात. त्याला बकरीचा वास अजून येतोय. तरी मी ते उशीखाली ठेवते.

माझ्या अक्षराला हसलास तर याद राख. पन्नाशी उलटल्यावर सरकारने आमच्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग काढला होता, तेव्हा लिहायला शिकले. एक एक अक्षर लावायला वर्ष गेलं. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, आजी, तुमचा अलिफ काठी टेकून उभा आहे.

मी पोटात सात महिन्यांची असताना अब्बा गेले. त्यांचं तोंड मी पाहिलं नाही ते खरं, पण त्यांची चौदा पत्रं माझ्यापाशी आहेत. आजोबा मरई हे गावचे मास्तर, ते मोठ्याने वाचायचे आणि आम्ही ऐकायचो. ऐकून ऐकून सगळी तोंडपाठ झाली. म्हणून पेटी मी कधी उघडली नाही. पाठ असलेलं कोण बघत बसतं?

शेवटचं पत्र माझ्या लग्नानंतर आलं, १९४८ साली. चार ओळींचं. ‘मुजना तिच्या घरी गेली. जे शिरावर घेतलं होतं ते पुरं झालं.’ बस. त्यानंतर एक ओळ नाही. अठ्ठेचाळीस वर्षं हे वाक्य माझ्या घशात अडकलंय. मुलगी म्हणजे काय डोक्यावरची मोळी, की टाकली आणि मोकळे झाले? सगळे म्हणाले, वारले असतील. मीही तेच धरून चालले, कारण दुसरं धरलं असतं तर रडू आलं असतं.

आता कामाचं. गेल्या महिन्यात पुराने आमची पाणपोई नेली. खोऱ्याच्या वाटेवर, बोरीच्या झाडापाशी, घुमटाची होती. अब्बांनी जावाहून पाठवलेल्या पैशांतूनच बांधलेली, सगळे तिला यस्लमची पाणपोई म्हणायचे. गाव ती परत उभी करतंय आणि मला विचारतंय, दगडावर नाव काय घालायचं, कोणत्या साली वारले? मी काय सांगू? म्हणून तू मला साल सांग आणि कबर कुठे आहे ते सांग. मला माझा बाप दगडावर तरी पुरा हवाय.

अजून एक विचारते, सहजच. तुझे वडील फरज कितवे? आपल्याकडे थोरल्याला आजोबांचं नाव. आजोबा हयात असोत नाहीतर नसोत. यस्लमचा थोरला मरई, मरईचा थोरला यस्लम, ही रहाटाची माळ सात पिढ्या खाली-वर फिरतेय. तर तुमच्याकडचा मरई कुठे आहे?

तुझी,
मुजना


सुराबाया, २८ ऑगस्ट १९९६

प्रिय आत्या,

पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईक सोडून मागच्या खोलीत गेलो. बायको म्हणाली, डोळ्यांत काय गेलं? म्हटलं, लुंगीचा धागा.

आजोबा १९६८ साली वारले, रमजानच्या आधीच्या शुक्रवारी. कबर अरबांच्या कबरस्तानात आहे, चाफ्याच्या झाडाखाली. झाड कोणी लावलेलं नाही, आपोआप आलं. फुलं त्यांच्यावरच पडतात.

तुम्ही मरईबद्दल विचारलंत. हो, होता. माझ्या वडिलांच्या आधी एक मुलगा झाला होता, त्याचं नाव मरई ठेवलं होतं. नऊ दिवसांचा होऊन गेला. म्हणून कोणी त्याचं नाव काढत नाही.

आता नोंदींचं ऐका. बंदराचं जुनं दप्तर एका गोदामात आहे आणि त्यावर सुलास्त्री नावाच्या बाई बसतात. भुईमुगाच्या शेंगा खातात आणि टरफलं वहीत खूण म्हणून ठेवतात. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्हा अरबांची नावं म्हणजे मालगाडी. डब्यामागे डबा, इंजिन कुठलं ते कळत नाही. सावकाश शोधू." तीन फेऱ्यांनंतर त्यांनी बोटीची यादी काढून दिली. एडनहून तुमच्या खोऱ्यातले पाच जण चढले होते. कोलंबोला बोट आठ दिवस थांबली. कोलंबो आणि सिंगापूरच्या मध्ये एक जण तापाने गेला, बुखैत नावाचा. त्याला समुद्रात सोडलं. बाकी चौघं उतरले.

तेव्हा उतरायला इथला कोणीतरी नातलग हमीदार लागायचा. आजोबांसाठी बासुनैद घराण्यातल्या एका कापडवाल्याने सही केली. त्याने आजोबांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं, नुसत्या नावावर सही केली. काय दिवस असतील आत्या. मी ती यादी हातात धरून उभा होतो आणि मला पायाखाली बोट हलल्यासारखं वाटत होतं.

आत जाऊन सगळ्यांची वर्णनं लिहिलेली दुसरी वही शोधायचीय. ती मिळाली की कळवतो.

तुमचा,
हाशिम


नखीला, १५ ऑक्टोबर १९९६

बाळ हाशिम,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बकरा कापला. शेजारणी म्हणाल्या, म्हातारीला झालं काय? म्हटलं, मला एक भाऊ होता, नऊ दिवसांचा, मरई नावाचा. त्याच्यासाठी कोणी फातिहा पढली असेल नसेल, आज मी पढते. सुक्या मुशी माशाचा भातही केला आणि वाटेवरच्या ड्रायव्हर लोकांना जेवू घातलं. रात्री माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. तू मरईचं सांगितलंस ते फार बरं केलंस.

पण १९६८. ते वाचून मी वर गच्चीवर जाऊन बसले. माझ्या लग्नानंतर वीस वर्षं ते जगले. ओट्यावर बसले, चहा प्यायले. आणि एक ओळ नाही. माझी सहा बाळंतपणं झाली त्या वीस वर्षांत. आई गेली. कोणाला तरी कळवावं म्हणून मी पत्र लिहून घेतलं होतं, त्याला उत्तर नाही. तुझ्या आजोबांना मी वाईट म्हणत नाही, तुला ते आवडायचे. पण बाळ, राग येतो, तो खोटा कसा म्हणू?

तू बुखैतचं लिहिलंस. त्याला मी ओळखते. म्हणजे त्यालाही पाहिलेलं नाही, तो अब्बांबरोबरच गेला. बुखैत, फरज चुनेवाल्याचा मुलगा. त्यांची चुन्याची भट्टी होती, खोऱ्यातली सगळी पांढरी घरं त्यांच्या हातची. तो बोटीवर मेला हे गावाला कळलं तेव्हा त्याची आई मसऊदा एकटी राहिली.

त्या मसऊदाची एक आठवण सांगते. अब्बांच्या प्रत्येक पत्रात सुरुवातीलाच लिहिलेलं असे, ‘हे पत्र वाचताना बुखैतच्या आईला बोलवून घ्या, तिला पत्र लिहिणारं आता कोणी नाही.’ मग आजोबा मला पिटाळायचे. मी पाच-सहा वर्षांची, पळत भट्टीपाशी जायची आणि ओरडायची, "चल, जावाचं पत्र आलंय." ती हात धुवायची. पत्र ऐकायला हात कशाला धुवायचे, मला हसू यायचं. दाराशीच बसायची, आत येत नसे, चुनेवाल्यांना तशी रीत नव्हती. पत्रात असायचं, आज इथे पाऊस पडला, आज भिंत बांधली, दात दुखतो, डाव्या कुशीवर झोपवत नाही. आई म्हणायची, बायकोला असं लिहितात का? पण मसऊदा मान हलवत ऐकायची. दातासाठी लवंग, असं पुटपुटायची.

ती १९३९ साली गेली. आजोबांनी कळवलं. त्यावर अब्बांचं पत्र आलं की वाटेवर पाणपोई बांधा, उन्हातून आलेल्या कोणालाही पाणी मिळू दे. तीच ही पाणपोई.

दगड मी सांगून ठेवलाय. ती दुसरी वही मिळाली की लिही. घाई नाही.

तुझी आत्या,
मुजना


सुराबाया, ६ जानेवारी १९९७

आत्या,

हे पत्र मी सातव्यांदा लिहितोय. आधीची सहा फाडली.

मरई नव्हता. मी खोटं बोललो. तुम्ही विचारलंत त्यातच मला तुमची आस दिसली आणि वाटलं, एवढ्याशा मरईने तुमचं मन शांत होणार असेल तर काय बिघडलं? मग तुम्ही बकरा कापलात. मोहल्ल्याच्या जन्मनोंदीत आजोबांचं पहिलं मूल १९३४ सालचं आहे, आणि ते माझे वडील, फरज.

तुम्ही लिहिलंत, ‘बुखैत, फरज चुनेवाल्याचा मुलगा.’ आणि पुढे त्यावर एक शब्द नाही. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? कदाचित माझ्या पहिल्याच पत्रात कळलं असेल, आणि तुम्ही मला सहज म्हणून विचारलंत.

दुसरी वही मिळाली. त्यात उतरलेल्या माणसाचं वर्णन इथल्या कारकुनाने समोर उभं करून लिहिलंय. नाव यस्लम बिन मरई. ‘बांधा ठेंगणा. डावा तळहात भाजलेला, जुनी खूण.’ मी सुलास्त्रीबाईंना एडनचा पास दाखवला, ज्यात उंच बांधा आणि खूण नाही असं आहे. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बोटीवर माणूस एवढा बुटका होतो का हो?" मी हसलो नाही तेव्हा त्यांनी शेंगांची पुडी बाजूला सारली आणि मला पाणी दिलं.

तो तळहात मला माहीत आहे आत्या. गुळगुळीत होता, रेषा नसलेला. मी लहानपणी त्यावर बोट फिरवून विचारायचो, तुमचं नशीब कुठे गेलं? ते म्हणायचे, चुन्यात पडलं. आम्हाला वाटायचं थट्टा करताहेत. घराच्या भिंतीला कधी गवंडी लावू दिला नाही त्यांनी. दर वर्षी स्वतः चुना कालवायचे, आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. रोज सकाळी दारात पाण्याचा माठ भरून ठेवायचे, रिक्षावाल्यांसाठी. आजी चिडायची की सगळे पेले चोरीला जातात.

म्हणजे समुद्रात सोडले ते तुमचे अब्बा. पासाशिवाय, हमीशिवाय बुखैतला कोणी उतरू दिलं नसतं. त्याने मेलेल्या माणसाचं नाव अंगावर घातलं आणि उतरला. मी ज्या नावाची पाटी दुकानावर लावलीय ते चोरीचं आहे. चुनेवाल्याचा नातू असण्याची मला लाज वाटत नाही, खरंच सांगतो. पण तुमच्या घरातून काही उचलून आणलंय आणि त्यावर आम्ही साठ वर्षं जगलोय, हे मला सहन होत नाही. वंशवृक्षवाल्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुम्हाला बाप मिळवून द्यायला निघालो होतो. होता तोही घालवला. मला आत्या म्हणायचा हक्क नाही, पण दुसरं काही हाताला येत नाही.

हाशिम


सुराबाया, २० मार्च १९९७

आत्या,

अडीच महिने झाले. मधवाल्याच्या भावाकडून कळलं की तुमची तब्येत बरी आहे. एवढंच हवं होतं. उत्तर नको असेल तर मी समजेन.

कालही ते स्वप्न पडलं. टोपीवाली बाई थांबली होती, पण वळली नाही.

हाशिम


नखीला, २ मे १९९७

हाशिम,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला राग आला होता. तुझ्यावर नाही. राग उतरायला उन्हाळा लागला, आणि थोडा अजून उरलाय, तो तसाच लिहिते.

माझी आई अठरा वर्षं नवऱ्याची वाट बघत होती, आणि ती पहिल्याच वर्षी विधवा झालेली होती. वीस वर्षांची होती रे. कोणी खरं सांगितलं असतं तर तिचं दुसरं लग्न झालं असतं, तिला अजून मुलं झाली असती, ईदला मेंदी लावली असती. पत्र आलं की ती नवं कापड नेसून ऐकायला बसायची. हे तुझ्या आजोबांनी केलं. आणि माझ्या आजोबांनीही केलं. मास्तर होते, स्वतःच्या पोराचं अक्षर ओळखणार नाहीत? आई सांगायची, दुसरं पत्र आलं तेव्हा ते वाचून म्हातारा गच्चीवर गेला आणि तीन दिवस जेवला नाही. सगळ्यांना वाटलं ताप आहे. चौथ्या दिवशी खाली आला आणि मसऊदाला बोलवा म्हणाला, पत्र परत एकदा वाचतो. त्यांना ठाऊक होतं. बोटीवरून उतरलेल्या बाकी तिघांनाही ठाऊक होतं. त्यातला एक म्हातारपणी गावी परतला, तो आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायचा. मला वाटायचं, लाजाळू आहे.

हे सगळं मी मनात घोळवत राहिले. मग एके दिवशी पेटी काढली आणि पहिल्यांदा उघडली.

पहिलं पत्र कोलंबोचं आहे. बारीक, घोटीव अक्षर, मास्तरांच्या मुलाचं. त्यात शेवटी लिहिलंय, ‘मुलगी झाली तर मुजना म्हणा. आज समुद्रावर पाऊस भरून आलाय आणि मला तेच नाव सुचतंय.’ मुजना म्हणजे पाण्याने भरलेला ढग. ते पत्र पोहोचलं तेव्हा मी बावीस दिवसांची होते, तोवर सगळे मला नुसतं ‘पोरगी’ म्हणत. म्हणजे एवढं माझ्या बापाच्या हातचं आहे. ते पान मी गालाला लावलं. पासष्ट वर्षांची बाई, सुनेने बघितलं तर काय म्हणेल, म्हणून दार लावून घेतलं.

दुसरं पत्र तेरा महिन्यांनी आलेलं आहे. त्यातलं अक्षर बघितलं आणि मी चटकन ओळखलं. तसंच माझं आहे. मोठं, वेडंवाकडं, ओळ सोडून खाली उतरणारं. मोठेपणी शिकलेल्या माणसाचं. बुखैतला लिहिता येत नव्हतं, चुनेवाल्यांच्या मुलांना कोण शाळेत बसवणार? तो उतरला आणि लिहायला शिकला. मला शिकायला वर्ष लागलं होतं, त्याला तेरा महिने लागले. मग मी एकेक पत्र हातात घेतलं. चौदाव्यापर्यंत अक्षर सुधारत गेलंय.

तू चोरी म्हणतोस. चोर एवढे कष्ट करत नाही. अब्बांनी आपण होऊन त्याला पास दिला की त्याने उशाखालून घेतला, हे समुद्रच जाणे. पण शेवटचं पत्र मी परत वाचलं. ‘जे शिरावर घेतलं होतं ते पुरं झालं.’ पन्नास वर्षं मी ते बापाचं म्हणून वाचत होते आणि जळत होते. ते बापाचं नव्हतंच. मरणाऱ्या मित्राने सांगितलेलं काम पुरं करून एक माणूस निरोप देत होता. मसऊदा गेल्यावर तो थांबू शकला असता, हाशिम. त्याच्या आईसाठी लिहायचं कारण १९३९ सालीच संपलं होतं. त्यानंतर नऊ वर्षं जी पत्रं आली, लढाईतून वाट काढत आली, माझ्या नवऱ्याला लुंगी आली, ती माझ्यासाठी होती. मला कोणी टाकलं नव्हतं. एवढंच मला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं, आणि ते तुझ्यामुळे कळलं.

तुझ्या त्या नऊ दिवसांच्या मरईचंही मनाला लावून घेऊ नकोस. परत खोटं बोललास तर मात्र तिथे येऊन कान पिळेन. ती फातिहा फुकट गेलेली नाही. समुद्रात ज्याच्यासाठी कोणी नीट पढली नसेल, त्याला पोहोचली.

पाणपोई उभी राहिली. पाथरवटाला दगडावर काय घालायचं ते सांगितलं : ‘यस्लम बिन मरई, १९३१, समुद्रात.’ आणि त्याखाली, ‘पाणी पाजलं बुखैत बिन फरजने.’ तो छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "आजी, एका पाणपोईवर दोन नावं? आणि त्यातला एक चुनेवाला?" मी म्हटलं, "घुमटाला चुना काय तुझ्या बापाने लावलाय? कोर गपचूप." कोरलं. गावात दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं आणि सगळे पाणी प्यायला तिथेच थांबले.

वंशवृक्षवाल्यांना खरं काय ते सांग. त्यांनी फांदी छाटली तर छाटू देत. तुझी मुळं मी दाखवते. पडकी भट्टी अजून आहे, शेजारी मसऊदाची कबर आहे. ती उंच टोपी घालूनच फिरायची, भट्टीच्या धगीत डोक्याला ऊन नको म्हणून. तू ये एकदा. आत्या म्हणायचं की नाही हे तू विचारलं होतंस. नाव मला बापाने दिलं आणि वाढवलं तुझ्या आजोबांनी. मग दुसरं काय म्हणशील?

तुझं जानेवारीचं पत्र घेऊन काल संध्याकाळी मी भट्टीकडे गेले. हात धुतले. मसऊदाच्या कबरीपाशी बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, चुना कालवायच्या दिवशी तो कोणाशी बोलायचा नाही ते, दारातला माठ, चोरीला गेलेले पेले, रेषा नसलेला तळहात, सगळं. जिथे अडखळले तिथे परत वाचलं. या खेपेला तिला बोलवायला कोणाला पिटाळावं लागलं नाही.

तुझी आत्या,
मुजना